तान्हीचा घास

वॉर्सा शहरात मी एकदाच हॉटेलात जेवले. तेही तिथल्या लोकांच्या हॉटेलात नाही, जॉर्जिया नावाच्या देशातल्या लोकांच्या. तो देश कुठे आहे ते मला आजही सांगता येणार नाही. मी चौथीपर्यंत शिकले, त्यात तो आला नव्हता.

मी गेले होते मुलीच्या बाळंतपणाला. तिकीट आधीच काढलेलं. डिंकाचे लाडू, सुवा म्हणजे बाळंतशेपा, बाजरीचं पीठ, जुन्या लुगड्यांची दुपटी, सगळं बांधून झालं आणि जायच्या आठवड्यात जावयाचा फोन आला. "आई, बाळ नाही राहिलं." मुलगा की मुलगी ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत. तान्हं गेलं तर पुरून येतात आणि घरात तो विषय बंद होतो. सुरतेतल्या आमच्या नवागामच्या शेजारणी म्हणाल्या, आता जाऊन काय करशील? मी म्हटलं, मूल नसलं म्हणून काय झालं, ती बाळंतीणच आहे. दुपटी काढून ठेवली आणि लाडू घेऊन गेले.

मुलगी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. मी तिचं अंग चोळलं, शेक दिला. लाडू हातात दिला की एक तुकडा मोडायची आणि उशीखाली ठेवायची. बोलणं म्हणजे "हो" आणि "नको". जावई सकाळी गोदामात कामाला जायचा तो संध्याकाळी यायचा. तो घरात चपलांचासुद्धा आवाज करत नसे. माझं परतायचं जवळ आलं तशी मला धास्ती बसली. मी गेल्यावर हिला कोण उठवणार? हिच्या पोटात अन्न कोण घालणार?

एका सुट्टीच्या दिवशी जावई म्हणाला, "पोटात बाळ असताना ही एका जॉर्जियन हॉटेलातली मक्याची भाकर मागायची. जाऊन बघू या का?"

"मक्याची भाकर खायला मी विमानात बसून आले का?" मी म्हटलं. "पीठ आण, मी थापते."

पण मुलगी उठली होती. बूट घालत होती. मीही चपला घातल्या.

हॉटेल तळघरात होतं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मालकीण माझ्यापेक्षा थोडी लहान, अंगाने रुंद, हात पिठाचे. मुलीला बघून धावतच आली, मिठी मारली. मग मागे सरकून तिच्या पोटाकडे बघितलं आणि दोन्ही हातांचा पाळणा करून हलवला, हसत हसत. जावयाने खाद्यपदार्थांचं कार्ड तोंडासमोर धरलं. मुलगी नुसती उभी. मी मालकिणीसमोर तळहात धरला आणि पालथा केला. तिला कळलं. ती आत गेली.

न मागता ताटं आली. तळलेल्या वांग्यात अक्रोडाची चटणी भरलेली. वांगं भाजायचं त्यांना माहीत नाही, आपल्या भरताची सर नव्हती, पण वाईट नव्हतं. मातीच्या मडक्यात राजमा. मग मोदकासारखे मोठे गोळे, आत रस्सा. जावयाने त्याला सुरी लावली आणि सगळा रस्सा ताटभर झाला. मालकिणीने त्याच्या हातावर चापट मारली आणि काहीतरी बडबडली.

"बघा आई, सासूसारखी बोलतेय," तो म्हणाला.

"सासू अजून बोललेली नाही," मी म्हटलं.

मुलीने कशालाच हात लावला नव्हता. मक्याची भाकर तिच्यासमोर तशीच.

मालकीण हात धुऊन आमच्यात येऊन बसली. भाकर मोडली, अर्धी वेगळी ठेवली आणि आपल्या पेल्यातली लाल दारू तिच्यावर सांडली. मला वाटलं हात हलला. मी कागदाने पुसलं आणि तो तुकडा उष्ट्या ताटात टाकायला उचलला. तिने माझं मनगट धरलं, तुकडा काढून परत जागेवर ठेवला आणि मुलीशी हळू काहीतरी बोलली.

"काय म्हणते ही?" मी जावयाला विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "त्यांच्यात जेवताना गेलेल्या माणसासाठी भाकरीवर दारू शिंपडतात. ही म्हणते, हे बाळासाठी."

"तिला सांग, आमच्यात तान्ह्याला घास नसतो. ज्याने अन्न चाखलं नाही त्याला कसला घास?"

"राहू द्या ना, आई."

"राहू कसं देऊ? आपलं ते आपलं."

तेव्हा मुलगीच बोलली. माझं बोलणं तिने मालकिणीला तिथल्या भाषेत सांगितलं, सगळं, शब्द न गाळता. इतकं लांब बोलताना मी तिला आल्यापासून ऐकलं नव्हतं. मालकिणीने ऐकून घेतलं आणि थोडक्यात उत्तर दिलं.

"ती म्हणते," मुलगी मला म्हणाली, "इतके महिने माझीच भाकर खाल्ली की त्या बाळाने. चाखली कशी नाही?"



मुलीने उरलेली अर्धी भाकर उचलली. "आंडेर व्हती, माय," ती म्हणाली. आंडेर म्हणजे मुलगी. सुरत सोडल्यापासून तिने माझ्याशी अहिराणीत बोलणं बंद केलं होतं. ती भाकर खात होती आणि तोंडात घास असतानाच रडत होती. जावई उठून बाहेर गेला. मी म्हटलं, "पाणी पी, ठसका लागेल."

त्याने ती बरी झाली असं नाही. दुसऱ्या दिवशी परत भिंतीकडे तोंड. फक्त आता भिंतीकडे बघत बोलायची, पोरीची नखं कशी होती, जावळ किती होतं. मला ते ऐकवत नसे. ऐकलं. मग व्हिसा संपला आणि मी आले.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या गल्लीत सगळ्यांच्या लेकी माहेरी आल्या होत्या. मी गेलेल्या नवऱ्याच्या नावाची घागर भरली, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं. शेजारी एक बोळकं भरून त्यावर आंबा ठेवला.

शेजारीण डोकावली. "हे कोणाचं व माय?"

"नातीचं."

"तान्ह्याचं भरत नाहीत. काही बाधलं म्हणजे?"

"बाधायचं ते बाधून झालं," मी म्हटलं. ती तोंड वाकडं करून गेली.

दुपारी मुलीचा व्हिडिओ फोन आला. मी घागर दाखवली. ती बोळक्याकडे बघत राहिली.

"तिला नुसता आंबा? डांगर नाही?"

"तेवढ्याशा बोळक्यावर डांगर कुठे बसतंय?"

ती हसली की काय केलं ते कळलं नाही, चित्र अडकलं होतं. सुरू झालं तेव्हा चेहरा ओला होता.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"नाही."

"मग ऊठ, भाकर टाक. मी फोन धरून बसते."

बराच वेळ नुसतं छत दिसत होतं. मग पिठाच्या डब्याचं झाकण वाजलं.