काळा गूळ, पिवळा गूळ

माझा स्वभाव मुळातच संशयी. दुकानदार गोड बोलायला लागला की माझी नजर आधी काट्यावर जाते. माजलगाव तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागल्यापासून तर ही खोड वाढतच गेली.

त्या दिवशी सातवीला मिश्रण आणि द्रावण शिकवत होते. मुलांना घरून गुळाचा खडा आणायला सांगितला होता. पाण्यात विरघळवायचा, गाळायचा, वर काय राहतं ते बघायचं, एवढाच बेत. शाळेतला पिवळाधमक गूळही घेतला. हा गूळ मुलांच्या शेंगदाण्याच्या लाडवांसाठी गावातले एक गुऱ्हाळमालक फुकट देत.

पिवळ्याचं पाणी जवळजवळ नितळ निघालं. एका मुलीने मात्र काळाकुट्ट गूळ आणला होता. तिच्या गाळणकागदावर चांगला गाळ साचला.

"तुजा गूळ घान हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"आमच्या घरी हाच खातेत," ती म्हणाली.

ही मुलगी त्या गुऱ्हाळमालकांचीच नात. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ज्यांच्या कढईतून पिवळाधमक गूळ निघतो, त्यांच्या घरात काळा कशाला? जे विरघळतं ते गाळणीत अडकत नाही, हे मीच नुकतं फळ्यावर लिहिलं होतं. नितळ पाण्याचा तो ग्लास मला आता बघवेना.

शाळा सुटल्यावर तडक गुऱ्हाळावर गेले. मालकांनी उसाचा रस पुढे केला. माझं लक्ष कढईशेजारच्या पांढऱ्या पुडीवर होतं, आणि ते त्यांच्या ध्यानात आलं.

"मॅडम, कुनी धाडलं तुमाला?"

"कुणी नाही. घरचा गूळ काळा आणि शाळेचा पिवळा, असं का?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "पिवळ्यात रंग उजळायची पावडर असती. बाजारात काळा कोन घेतंय? घरच्याला न्हाई टाकत आमी."

"आणि शाळेतल्या लेकरांना चालते?" मला भयंकर राग आला होता.

"आदी काळाच दिलता की. लेकरांच्या आयांनी परत धाडला. म्हनल्या, चांगला इकला आन उरलासुरला आमच्या लेकरांना. मंग पिवळा द्यायला लागलो."

मी म्हटलं, काळाच पाठवा, बायांचं मी बघते. ते हसले. त्या हसण्यावर माझा काडीचा विश्वास बसला नाही, पण गूळ आला, आणि काळाच आला.

लाडू वळले गेले आणि मुलांच्या आया शाळेच्या फाटकात जमल्या. मी त्यांना आत बोलावलं, पावडरीचं सगळं समजावून सांगितलं, प्रत्येकीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मुलं हातात लाडू घेऊन आयांच्या तोंडाकडे बघत उभी होती. एकीने खडा तोंडात टाकला आणि सावकाश चघळला.

"लई गोड हाय," ती म्हणाली. "पन मॅडम, मंग पिवळा कुनाच्या घरी गेला?"

अपमानाने माझे कान तापले. सगळ्यांच्या नजरा माझ्या खांद्यावरच्या पिशवीवर होत्या. मी ती उघडून समोर धरली. तिने खरोखरच आत हात घालून पाहिलं, आणि मगच मुलाला म्हणाली, "खा."