पॅरिसचं अत्तर आणि निपाणीची खादी

पलटणीतला माझा भाचा इटलीहून सुखरूप परतला आणि येताना माझ्यासाठी पॅरिसच्या एका नामांकित पेढीच्या अत्तराची बाटली घेऊन आला. पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं हा वास अंगाला लावून बेळगावच्या बाजारात जायचं म्हणजे भाजीवाल्या भाव चढवणार. निपाणीला मावसबहीण इंदू हिच्या घरी सुपारी फुटायची होती. म्हटलं, बाटली नवऱ्या मुलीलाच द्यावी, आणि निघाले.

तुम्हीही जाणार असाल तर सकाळची सर्व्हिस मोटार धरा आणि पुढच्या बाकावर बसा. लढाई संपली तरी मोटार अजून कोळशाच्या गॅसवर चालते. मागं बसणाऱ्याचं तोंड काकती यायच्या आत काळं होतं. संकेश्वरला कांदाभजी गरम मिळतात, चहा मात्र नावापुरता. तवंदीच्या घाटात गाडीनं मान टाकली.

"आक्का, उतरा. गाडी दमली."

"आणि मी दमले नाही होय रे?"

"तुमास्नी काय, चहावर चालतंय. हिला कोळसा लागतोय."

घाट चालत चढलो. निपाणी पाटी वाचून कळत नाही, नाकाला कळते. तंबाखूचा हंगाम होता. उतरता उतरता सगळी मोटार एका सुरात शिंकली.

इंदूची लेक कुसुम, म्हणजे नवरी मुलगी, दारातच भेटली. तिला ट्रेनिंग कॉलेजात जाऊन मास्तरीण व्हायचं होतं. तीन घरं "शिकून काय करायचंय?" म्हणून उठून गेली होती. हे चौथं घर "शिकू दे की" म्हणालं होतं. फक्त मुलाची आई, गोदाक्का, कट्टर खादीवाल्या. तरुणपणी स्वतःचं भारी विलायती पातळ त्यांनी चौकातल्या परदेशी कापडाच्या होळीत टाकलं होतं. हे ऐकून मी बाटली पदराखालून कुसुमला दिली आणि तिनं ती माजघराच्या फडताळात लपवली. नेमकी गुलाबदाणीशेजारी.

संध्याकाळी गोदाक्का आपल्या खादी मंडळाच्या बायका घेऊन आल्या. सगळ्या पांढऱ्या जाड खादीत. माजघरात जणू कापूस पिकला होता. हळदीकुंकू झालं, आणि इंदू गुलाबदाणी घेऊन हौसेनं सगळ्यांवर शिंपडत सुटली. दुसऱ्याच शिंपडीला वास माझ्या नाकापर्यंत पोचला. तो गुलाब नव्हता.

मी तिला कोपऱ्यात ओढलं. "इंदे, काय घातलंस गं यात?"

"ती चौकोनी बाटली. अत्तर कसं तेलकट असतंय, ही तर पाण्यागत पातळ. म्हटलं, गुलाबपाणीच. पाणी ओतलं तर दुधागत झालं बघ. लई भारी दिसतंय."

सगळी बाटली! गोदाक्का बाही नाकाशी धरून बसल्या होत्या.

"इंदाबाई, ह्यो वास कसला?"

"निपाणीचाच," मी पटकन म्हणाले. इंदूनं मान डोलावली. निपाणीनं एवढा मोठा आळ आजवर घेतला नसेल.

पण कुसुम उभी राहिली. "न्हाय. पॅरिसचा हाय. मावशीनं माझ्यासाठी आणलं, आईनं चुकून शिंपडलं."

 एकीनं पदर झटकला. सुपारी ताटात होती. गोदाक्कांचा हात तिच्याकडं जाईना. त्या माझ्याकडं वळल्या.

"कुणाच्या पेढीचं हाय ह्ये?"

खोटं तर पकडलं गेलंच होतं. मग मी ज्या कॉन्व्हेंटात शिवण शिकवते, तिथल्या फ्रेंच सिस्टरनं सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. ही एका पोरक्या मुलीची पेढी. नन्सनी तिला वाढवलं, शिवण शिकवलं. आधी बाई टोप्या करून विकायची. तिकडच्या बायका तेव्हा पोट आवळून, माशाच्या हाडांच्या पट्ट्या शिवलेल्या चोळ्या घालून घेरी येऊन पडायच्या. हिनं त्या काढायला लावल्या आणि साधे, सैल झगे शिवले. पुढं नाव झालं आणि नावाबरोबर अत्तर.

"झगे कशाचे? रेशमाचे?"

"नाही. पहिल्या लढाईत चांगलं कापड मिळेना, तेव्हा बाप्यांच्या बंडीचं स्वस्त कापड घेतलं. श्रीमंत बायकांनी रांगा लावल्या."

"बंडीचं?" गोदाक्कांनी माझ्याकडं, मग स्वतःच्या लुगड्याकडं पाहिलं. "जाडंभरडं नेसवून वर पैसं घेतलं तिनं?"

"व्हय."

त्या एवढ्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या. "आणि आमी हितं फुकट देतो म्हटलं तरी बायका पळत्यात! आमच्या भांडारात असली एक पायजे हुती गं." मग कुसुमला जवळ बसवलं. "मावशी खोटं बोलली, आईनं मान डोलावली. तू एकटी बोललीस. भ्या न्हाय वाटलं?"

"लई वाटलं."

"तर मग मास्तरीण हुशील," असं म्हणत त्यांनी सुपारी उचलली. "कुसुमच्या वडलांना बोलवा, सुपारी फोडू. आणि कुणी बाहेर कळवू नका, खादी मंडळाला आज वास लागलाय म्हणून."

दुसऱ्या दिवशी परतले. भाच्याला म्हटलं, बाटली संपली. त्याला वाटतंय, मी ती एका दिवसात अंगावर ओतून घेतली; हल्ली जरा आदरानं बघतो. निपाणीहून येताना तपकीर आणा म्हणतात, ती मी विसरले. लुगड्याला मात्र तंबाखूचा वास दोन धुण्यांनंतरही आहे, आणि मला तो आता आवडायला लागलाय.

वैशाखात लग्न झालं की कुसुम ट्रेनिंग कॉलेजला माझ्याकडंच राहायला येणार आहे. गोदाक्का स्वतः पोचवायला येतील. काल त्यांनी निरोप धाडला: खोलीत चरख्याला जागा हाय का? माझं आरशाचं कपाट आज सकाळी मी ओसरीत काढून ठेवलं.