तळ्याकाठचा आडोसा

ये, अशी जवळ ये बघू. त्या पाण्याच्या मोटारीच्या बटणापाशी काय उभी राहिलीस? तुझा धबधबा कुठे पळून जात नाही. आणि मघाशी जे म्हणालीस ना, ते काही मला आवडलं नाही हं. म्हणे, "पाखरं माझ्या हातावर बसून दाणे खातील असं करायचंय." हातावर! तळं केलंस, झकास केलंस. कोळगावच्या या नव्या वसाहतीत, एवढ्याशा बागेत पाणी खेळवलंस, तुझी पाठ थोपटायला माझा हात वर झाला होता. हातावरचं ऐकलं आणि तो तसाच खाली आला. रुसू नकोस. चहा घे आधी, साय धरतेय त्याच्यावर. मी असं का म्हणते ते सांगते, मग तुला काय करायचं ते कर.

मीसुद्धा एक तळं केलं होतं. तुझी आई माझ्या पोटातसुद्धा नव्हती तेव्हा. बोईसर आणि तारापूरच्या मधे आमची वाडी, तिथे मी लग्न होऊन आले त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. समुद्राकडे अणुविजेचं मोठं काम निघालं होतं. दिवसभर रस्त्यावर खडीचे ट्रक, धुरळा, आणि कुठकुठल्या मुलखातली माणसं. पण वाडीच्या कुंपणाआत शिरलं की सगळं शांत. घरात आम्ही चौघं. सासूबाई, हे, मी, आणि माझा धाकटा दीर. मी त्यांना भावजी म्हणायची. वयाने माझ्याएवढेच असतील. खरं सांगते, त्या घरात मला हसवणारं दुसरं कोणी नव्हतं. हे तोंडातून दोन शब्द काढायचे तर विचार करून काढायचे. सासूबाई बोलायच्या भरपूर, पण त्यात माझ्यासाठी गोड असं थोडंच असायचं. भावजी मात्र येता-जाता चिडवायचे. मी भाकरी थापायला बसले की दारातून ओरडायचे, "वयनी, भाकरीला कान फुटलेत, ऐकू येतंय तिला!" मला सख्खा भाऊ नव्हता. तो मला तिथे मिळाला असं मी मानून चालले होते.

वाडीत विहीर होती, विहिरीवर रहाट. डोळ्यांना झापड बांधलेला रेडा गोल गोल फिरायचा, पोहरे भरून वर यायचे आणि लाकडाच्या पन्हळीत पाणी ओतून परत खाली जायचे. पन्हळीतून पाटाने पाणी केळींना, वांग्यांना, पानवेलींना. पन्हळीच्या सांध्यातून थोडं गळायचं, आणि त्या गळतीखाली उन्हाळ्यात पाखरांची ही गर्दी. एकदा चैत्रात तिथे एक होला बघितला. चोच उघडी, पंख पसरलेले, आणि थेंब पडायची वाट बघतोय. रहाट तर सकाळीच बंद झालेला. ते मला बघवलं नाही. जेवताना मी म्हटलं, पन्हळीच्या शेवटाला एक छोटंसं तळं करूया का?

सासूबाईंनी घास खाली ठेवला. "केलीला पानी पुरत नाय, आनि हिला पाखरांना न्हाऊ घालायचंय!"

हे खाली बघून जेवत राहिले. भावजी म्हणाले, "मी खणून देतो वयनी. आई, तुजी केल वालली तर मी खांद्यावरनं पानी आनीन, मग तर झालं?"

आणि खरंच खणलं त्यांनी. चांगलं लांब-रुंद, मधे कमरेएवढं खोल, एका बाजूला उतार. उतार मी मागून घेतला. पिल्लं पाण्यात गेली तर त्यांना चालत बाहेर येता यायला हवं ना! तुझ्या तळ्याला चारी बाजूंनी सरळ भिंत आहे, ते आधी बदल. बेडकाचं पिल्लूसुद्धा आत पडलं तर बुडून मरेल.

आता गंमत ऐक. आमची जमीन समुद्राकाठची, निम्मी वाळू. रहाट सुरू केला, तळं भरलं, मी आनंदाने हळद-कुंकू वाहिलं, आणि संध्याकाळी बघते तर तळाशी नुसता ओला डाग. सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "पाखरं पिऊन गेली वाटतं गो सगला!" मग मला सुचलं. भाताच्या खाचरात पाणी कसं ठरतं? चिखलणी केलेली असते म्हणून. खाचरातली काळी चिकण माती बैलगाडीने आणली, तळात पसरली, पाणी सोडलं आणि आम्ही दोघांनी ती पायांनी तुडवली. वर भाताचं तूस आणि शेण. परत तुडवली. शेवटी भावजींनी रेड्यालाच आत घातलं. त्याला वाटलं लोळायलाच आणलंय, तो बाहेरच येईना! गुडघाभर चिखलात आम्ही हसून हसून बेजार. त्यानंतर पाणी ठरलं.

धबधब्याचं मात्र माझं चुकलं. पन्हळीखाली उतरते दगड रचायचे होते, तर जवळच्या दांडी गावच्या किनाऱ्यावरून सुंदर काळे दगड आणले. शिंपल्या चिकटलेले, मला फार आवडले. काठाला लावलेलं अळू आठवड्यात पिवळं पडलं. दगडांत मीठ मुरलेलं, ते सगळं तळ्यात उतरत होतं. समुद्राच्या इतक्या जवळ राहून हे आम्हाला सुचू नये! मग दगड काढले, रहाटाखाली पाट चालू ठेवून कित्येक दिवस धुतले, शिंपल्या खरवडल्या आणि पुन्हा रचले. रहाट चाले तेवढाच वेळ धबधबा पडायचा. पण पाखरं तो आवाज ओळखायला शिकली. पोहरे वाजायला लागले की कुंपणात हालचाल सुरू.

काय काय यायचं म्हणून सांगू! होले, बुलबुल, साळुंख्या. खंड्या पन्हळीच्या टोकावर बसायचा, जशी काही ती त्याच्यासाठीच बसवलीय. दिवस कलला की ससा. तित्तरांची टोळी अळूच्या पानांमागून एकामागून एक निघायची. आणि एक पाणकोंबडी, पांढऱ्या पोटाची, शेपूट उडवत चालणारी. तिने अळूतच घरटं केलं. मी दुपार उलटली की पितळेच्या वाटीत तांदळाची कणी घेऊन जायची, वाटी दगडावर वाजवायची आणि हाक मारायची, "या गं बायांनो, याऽ." आधी लांबून बघायची. मग पावलं जवळ यायला लागली. पुढच्या वर्षी तर ती पाणकोंबडी काळ्या कापसासारखी पिल्लं घेऊन माझ्या पायाशी यायची. मी श्वास रोखून बसायची. मला तेव्हा मूल नव्हतं. सासूबाई त्यावरूनही बोलायच्या. त्या तळ्याकाठी मात्र मला कोणी काही विचारत नव्हतं.

एक दिवस भावजींनी नारळाच्या झावळ्या विणून काठावर आडोसा उभा केला. आत बसायला फळी, समोर बघायला डोळ्यांच्या उंचीवर फट. "उन्हात बसता वयनी. आतून बघा आरामात, पाखरांना दिसनार पन नाय." माझे डोळे भरून आले. इतका विचार माझा कोणी केला नव्हता.

भावजी तेव्हा रस्त्याच्या कामावर रोजंदारीला जायला लागले होते, कुठल्याशा कंत्राटदाराकडे. एका शनिवारी म्हणाले, "उद्या आमचा साहेब येतोय वाडीत. त्याच्या बायकोला पाखरांचं लई वेड. तुमच्या तल्याचं सांगितलं मी, तर मागंच लागली. तुमी हाक मारून दाखवाल ना?"

मी रात्रीच कणी पाखडून ठेवली. सकाळी काठ झाडला, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसले, वडे केले. हे सकाळीच पालघरच्या बाजाराला गेले. काय आणायचंय, मी विचारलं. "बघतो," म्हणाले. सासूबाई चुलीशी कांदा-खोबरं भाजत बसल्या होत्या. आज कशाला, असं मनात आलं. पण म्हटलं पाहुणे आहेत, रस्सा करायचा असेल.

साहेब आला तो एकटाच. बायकोला बरं नाही म्हणे. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांब. मी भावजींकडे बघितलं, तर ते म्हणाले, "दुर्बीन हाय वयनी. लांबचं जवल दिसतं त्यातनं." मी दुर्बीण कधी बघितली होती? मानलं. साहेब हसून म्हणाला, "भाभीजी, बहुत सुंदर बनाया है." मी लाजले. तो आडोशाच्या आत जाऊन बसला, भावजी त्याच्या शेजारी. रहाट चालू होता, धबधबा पडत होता. मी वाटी वाजवली.

"या गं बायांनो, याऽ."

आली. सगळी आली. तित्तर आले, होले उतरले, अळू हललं आणि ती पाणकोंबडी पिल्लं घेऊन निघाली. मी मान वळवून आडोशाकडे बघितलं, साहेबाला नीट दिसतंय ना म्हणून. फटीतून नळी बाहेर आलेली दिसली.

आवाज झाला तेव्हा कळलंच नाही मला. छर्रे फुटून पाणी उडालं, दुसरा बार झाला. कणी इकडेतिकडे, त्यात पिसं. तित्तर पडले होते, होला पाण्यात फडफडत होता, आणि ती उतारावर आडवी. पिल्लं तिच्याभोवती धावत होती, अळूत जायची आणि परत तिच्याकडे यायची. माझ्या हातात वाटी तशीच.

भावजी बाहेर आले. पाखरांच्या पायांना दोरी बांधता बांधता म्हणाले, "वयनी, जरा रस्सा झनझनीत करा. साहेबाला आवडतो."

मी म्हटलं, "तुम्ही मला फसवलंत."

"फसवायचं काय त्यात? पाखरंच ती."

"मला विचारलं का नाहीत?"

ते हसले. तेच हसणं, भाकरीला चिडवतानाचं. "विचारलं असतं तर तुमी हाक मारली असती काय?"

"नाही."

"मग!"

एवढंच. जसा काही हिशेब चोख लागला. साहेब खूश झालाय, आता मला कायम करणार, असंही म्हणाले. मी आडोशाकडे बघत होते. ती फट माझ्या डोळ्यांच्या उंचीची नव्हती गं. बसलेल्या पुरुषाने खांद्याला बंदूक लावली तर नळीला येईल, एवढ्या उंचीवर होती. मी रोज तिथे बसताना मान ताणून बघायची आणि मला कधी प्रश्न पडला नाही.

घरात गेले तर वाटण पाट्यावर तयार. सासूबाईंनी वर बघितलं नाही. "पोराचं पोट चालायचं हाय त्यावर. तू रडत बसू नको आता," म्हणाल्या. संध्याकाळी हे आले. पिशवीत दोन लिंबं. लिंबं तर आमच्याच झाडाला लागलेली होती. मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं."

त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "भाऊ आहे तो माझा. नोकरीचा प्रश्न होता."

"आणि मी कोण?"

हे लिंबं उचलून सासूबाईंच्या हातात द्यायला आत गेले. रस्सा सासूबाईंनीच केला. मी त्या रात्री जेवले नाही, आणि कोणी आग्रहही केला नाही.

पण पुढचं त्याहून वाईट होतं. दोन दिवसांनी मी रिकाम्या हाताने तळ्यावर गेले, तर राहिलेली पाखरं आली! वाटी नाही, हाक नाही, नुसती मला बघून. पाणकोंबडीचा नर पिल्लांना घेऊन पायाशी आला. त्यांना काय कळणार कोणी काय केलं ते? त्यांनी विश्वास माझ्यावर ठेवला होता, तो तसाच होता. आणि साहेब पुढच्या रविवारी पुन्हा येणार होता.

मग मी ठरवलं. रोज त्याच वेळेला गेले. वाटी वाजवली, तीच हाक मारली, तितक्याच मायेने. पाखरं जवळ आली की पत्र्याचा डबा बडवायची आणि मातीची ढेकळं फेकायची. लागू नयेत अशी, पण अगदी जवळ. पहिल्या दिवशी ती थोडी उडून परत आली. नर तर मान वाकडी करून माझ्याकडे बघतच राहिला. मी रडत रडत ढेकळं मारत होते. सासूबाई दारातून म्हणाल्या, "याड लागलं हिला." लागू दे म्हटलं. आठवडा संपायच्या आत नुसती वाटी वाजली की कुंपण रिकामं व्हायला लागलं.

रविवारी साहेब आला, आडोशात बसला. भावजी गोड आवाजात म्हणाले, "वयनी, हाक मारा ना."

"मारते की," मी म्हटलं. काठावर उभी राहिले, वाटी वाजवली. "या गं बायांनो, याऽ."

अळूतून, कुंपणातून, पन्हळीवरून, जे होतं ते सगळं एकदम उडालं. नर पिल्लांना घेऊन पलीकडच्या खाजणाकडे, खाऱ्या दलदलीत, पळाला. तळ्यावर धबधब्याशिवाय काही हलेना. साहेबाने बराच वेळ वाट बघितली, मग घड्याळ बघितलं, मग उठला. भावजी माझ्याकडे बघत राहिले. त्यांना सगळं समजलं होतं. तो माणूस गेल्यावर मी आडोसा मोडला आणि झावळ्या चुलीत घातल्या.

भावजी कायम झाले, पुढे बोईसरला बिऱ्हाड केलं. सणासुदीला यायचे, मी पानात वाढायची, हवं-नको विचारायची. पण त्यांनी केलेल्या विनोदावर मला पुन्हा हसू आलं नाही. ते चिडवायचे, मी ताट उचलायची. आता ते नाहीत. सासूबाई नाहीत, हेही नाहीत.

वाडी आहे. रहाट जाऊन पंप आला, पण पाणी अजून त्याच दगडांवरून पडतं. पाखरं येतात, भरपूर येतात. मी ओटीवरून बघते, पायरी उतरत नाही. उतरले की उडतात. उडू देत, तसंच असायला हवं.

मी उद्या सकाळच्या एसटीने जाते परत. तुझ्या तळ्याला आधी उतार कर, तेवढं माझं ऐक. आणि ये गं वाडीत, लवकर ये. पुढच्याच आठवड्यात ये. घरातल्या मोठ्यांना आणायचं तर आण, पण मला आधी सांग कोण येतंय ते. ओटीवर चटई घालून ठेवते, दोघी बसू, गप्प बसू. पेज करीन, सुकटीची चटणी करीन. येशील ना? वाट बघते.