डाव्या कानाचे उंदीर

उंदराला हातात घेण्याआधी चाचा दोन्ही तळवे एकमेकांवर घासायचे. मग फडक्यात गुंडाळलेल्या उंदराची शेपटी मुठीत धरून ऊब द्यायचे आणि म्हणायचे, "यल्ला, चला शेठ, शेपटी द्या. दुखणार नाय." शेपटी गार असली तर रक्तदाब नीट मोजता येत नाही. हे मीच त्यांना शिकवलं होतं. उंदराला शेठ म्हणायला मात्र मी शिकवलं नव्हतं.

आखाती युद्धाच्या वेळी मी अल-खोबरजवळच्या एका प्रयोगशाळेत होतो. ते तिथलं प्राणिघर सांभाळायचे. मूळचे दाभोळचे. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो.

काही उंदरांच्या मूत्रपिंडांकडे जाणारे मज्जातंतू मी शस्त्रक्रियेने तोडले होते. तंतू तोडले की रक्तदाब उतरतो. तो उतरलेलाच राहील, तुटलेले तंतू पुन्हा काही जोडले जात नाहीत, असं मी आमच्या प्रमुखांना छातीठोकपणे सांगून बसलो होतो. तंतू तोडलेल्यांच्या डाव्या कानाला खाच होती, बाकीच्यांच्या उजव्या. चाचा रोज सकाळी मोजायचे, वहीत लिहायचे आणि मला वाचून दाखवायचे. एखादा आकडा मी पुन्हा विचारला, की शांतपणे म्हणायचे, "बघितलं तेच लिवलं, साहेब."

मग क्षेपणास्त्रं यायला लागली. भोंगा झाला की आम्ही विषारी वायूच्या भीतीने चिकटपट्ट्यांनी बंद केलेल्या खोलीत पळायचो. चाचा आधी पिंजरे आतल्या बोळात नेऊन ठेवायचे, कारण प्राणिघराला काचेच्या खिडक्या होत्या. एकदा मी नाकाडासारखा पुढे आलेला गॅसचा मास्क लावून त्यांना ओरडलो, "चाचा, सोडा ते! आत या!" त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. म्हणाले, "साहेब, आता तुम्ही पण शेठच दिसताय."

त्याच दिवसांत एका सकाळी ते वही घेऊन आले. "डाव्या कानवाल्यांचा वर चाललाय. दोन हप्ते झाले. म्हटलं आधी खात्री करू."

"शक्य नाही. भोंग्याच्या गडबडीत तुम्ही उंदीर इकडचे तिकडे केलेत."

"पिंजरे हलवले, साहेब. कान नाय हलवले. वहीत बघा तरी."

मी वही हाताने बाजूला सारली. प्राणिघर वीस पावलांवर होतं. जाऊन कान बघायला पाच मिनिटंही लागली नसती. मी गेलो नाही. प्रमुखांसमोर माझं म्हणणं खोटं पडेल, ही धास्ती मला क्षेपणास्त्रांपेक्षा मोठी होती.

मी अहवालात एक ओळ लिहिली: पिंजऱ्यांची अदलाबदल झाल्याने नोंदी ग्राह्य नाहीत. ती ओळ कफीलपर्यंत, म्हणजे ज्याच्या नावावर चाचा तिथे कामाला होते त्या मालकापर्यंत गेली. युद्ध संपायच्या आत चाचांचा इकामा, तिथे राहायचा परवाना, खलास झाला. जायच्या दिवशीही त्यांनी सकाळचं मोजमाप पूर्ण केलं, वही माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "शेठलोकांना गार हात लावू नका."

ते गेल्यावर मूत्रपिंडं काढून तपासायची वेळ आली. मी काप रंगवले, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि खुर्चीतून उठलोच. जिथे मी स्वतः तंतू तोडले होते, तिथून धमनीच्या कडेकडेने बारीक काळे धागे पुढे गेले होते. नवे. तंतू परत उगवले होते.

उरलेल्या उंदरांचे कान मी तेव्हा बघितले. एकही इकडचा तिकडे झालेला नव्हता. मग वही उघडली. प्रत्येक आकड्यासमोर चाचांनी एक छोटा कान काढला होता. डावा किंवा उजवा, खाचेसकट. पानामागून पान, भोंग्याच्या दिवसांतलंसुद्धा.

प्रमुखांना मी काप दाखवले. ते म्हणाले, "छान शोधलंस." मी मान डोलावली. ती एक ओळ अहवालात तशीच राहिली.

वयाची पंच्याहत्तरी उलटल्यावर, गेल्या वर्षी, मी ती वही घेऊन दाभोळला गेलो. चाचा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या मुलीने चहा दिला. चाचा मला शिव्याशाप देत गेले असतील, अशी मनाची तयारी मी करून गेलो होतो. मी नाव सांगितलं, पण पुढे काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "अब्बा तुमचं नाव नेहमी काढायचे. म्हणायचे, साहेब शिकलेला माणूस, त्यांचंच खरं असणार. भोंग्यात माझ्या हातून उंदीर बदलले."

मी कप खाली ठेवला.

"चाचांची काही चूक नव्हती," असलं काहीतरी मी पुटपुटलो. मग वही तिच्यापुढे उघडून सगळं सांगितलं. ती कितीतरी वेळ त्या कानांवरून बोट फिरवत राहिली. मग अंगणातल्या रिकाम्या गोठ्याकडे बघत म्हणाली,

"आमच्या चारच शेळ्या होत्या. तरी संध्याकाळी आत घेताना अब्बा एकेकीचा कान धरून बघायचे. आणि दार लावलं की मला हाक मारायचे, बाय, तू पण एकदा बघ गं, माझ्या बघण्याचा काय भरोसा नाय."