भेटायला आलेले गृहस्थ

व्याख्यान आटोपून बाहेर पडताना एका अनोळखी माणसानं माझ्या उजव्या हातावर कोयत्यानं वार केले, त्याला तीन आठवडे झाले होते. दवाखान्यात भेटायला आलेले एक ओळखीचे गृहस्थ माझ्यासाठी आणलेलं संत्रं स्वतःच सोलून खात होते. बिया तळहातावर थुंकत त्यांनी विचारलं, "पण तुम्ही असं लिहिलं तरी काय होतं?"

मला शिसारी आली. वार करणारा एकटा होता. हा प्रश्न घेऊन रोज कुणीतरी येत होतं. जखम बघता बघता सगळे माझा गुन्हा शोधत.

"पुस्तक वाचलंत?" मी विचारलं.

"छे हो, वेळ कुठे मिळतो!"

ते गेल्यावर मी नर्सबाईंकडून वही मागून घेतली आणि डाव्या हातानं एक वाक्य लिहिलं. अक्षर फारच वाकडंतिकडं आलं, पण बाईंना ते सहज वाचता आलं.