कुंदाने कॅराव्हॅन जागेवर लावली

जवळ या गं सगळ्या, खुर्च्या ओढून बसा, आणि आधी माझी बोलणी खा. कुंदा गेल्याचं कळल्यापासून ग्रुपवर काय काय लिहीत सुटलात... "बिचारी, परक्या मुलखात, पत्र्याच्या डब्यात एकटीच गेली." बिचारी कोण? कुंदा? अगं, तो डबा नव्हता, तिची कॅराव्हॅन होती. आणि तिथे ती कुणी टाकून दिली म्हणून राहत नव्हती, लढून मिळवलं होतं तिने ते राहणं. तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून तर लिहायला बसलेय.

एप्रिल संपत आला होता. सकाळी फोन वाजला तो हेनीचा. हेनी म्हणजे कुंदाची कॅम्पिंगवरची डच शेजारीण, मोजकं बोलणारी. म्हणाली, "कुंदा भांडी घासायला आली नाही, म्हणून बघायला गेले." कॅराव्हॅनच्या पुढच्या तंबूत कुंदा खुर्चीत बसलेली होती, अंगावर शाल, डोळे मिटलेले. चहा पिऊन झाला होता आणि कप धुऊन पालथा घातलेला होता. मी रडले, नाही कशाला म्हणू? पण रडता रडता मनात आलंच... कप विसळून गेली ही बाई!

आम्ही दोघी लग्न होऊन या डच मुलखात फेल्डहोवनला आलो त्या थोड्याफार अंतराने, नवरे एकाच कंपनीत. बाकीचे सुट्टीत भारतात जायचे. कुंदाचे श्रीधरराव मात्र एक जुनी कॅराव्हॅन घेऊन आले, चाकांवरचं घरच ते, मोटारीच्या मागे जोडून न्यायचं. थेट वर उत्तरेला ग्रोनिंगनकडे न्यायचे, एका लहानशा गावाबाहेरच्या कॅम्पिंगवर, म्हणजे तंबू नि कॅराव्हॅन लावायच्या मैदानावर. तिथे गवत आणि आभाळ, मध्ये काही नाही. गावात एक चर्च, एक बेकरी, आणि रस्त्यावर माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. पहिल्या खेपेला मीही त्यांच्याबरोबर गेले होते, म्हटलं, "कुंदे, इथे करायचं काय?" तर म्हणाली, "काही नाही. तेच तर करायला आलोय."

कॅम्पिंगवर ज्याने त्याने आपली भांडी टबात घालून सामायिक शेडमध्ये न्यायची, तिथे सिंकांची रांग असते. आता डच माणसं भांडी कशी धुतात ते तुम्हाला माहीत आहे. फेसातून काढली की थेट फडक्याने पुसली, वरून पाणी म्हणून नाही! पहिल्याच दिवशी शेजारच्या सिंकवर हेनी तशी पुसायला लागली आणि कुंदाला राहवलं नाही. तिने हेनीच्या हातातली ताटली काढून घेतली आणि सरळ नळाखाली धरली. हेनी म्हणाली, "धुतली आहे मी ती." कुंदा म्हणाली, "धुतलीस गं, पण साबण खाणार आहेस का?" हेनी टब उचलून चालती झाली. मला वाटलं, झालं, आता मॅनेजर येतो. दुसऱ्या दिवशी हेनी परत त्याच सिंकवर. सगळी भांडी फेसात घासली आणि एकेक कुंदाकडे सरकवत म्हणाली, "घे. तुझ्या मनाची शांती होऊ दे." तेव्हापासून हेनीने घासायचं आणि कुंदाने विसळायचं, असं जे ठरलं ते ठरलं.

मग श्रीधरराव गेले, दोन हजार बाराच्या हिवाळ्यात. मंदार, कुंदाचा मुलगा, इथेच वाढलेला, गुणी आहे पण काळजीने डोकं खाणारा. म्हणाला, "आई, कॅराव्हॅन विकू या. ओढून कोण नेणार? तुला साधी गाडी रिव्हर्स घेता येत नाही." कुंदा म्हणाली, "आणि आली तर?" तो हसला. "तू एकटीने नेऊन जागेवर लावलीस ना, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही." बोलून गेला बिचारा.

हिवाळ्यात कॅराव्हॅन एका शेतकऱ्याच्या मोकळ्या गोठ्यात ठेवलेली असायची. रविवारी आम्ही दोघी तिथे जायचो. ती चालवायची आणि मी मागे उभी राहून ट्रकच्या क्लीनरसारखी पत्र्यावर थापा मारत ओरडायची, "येऊ दे, येऊ दे... बस्स!" पण कॅराव्हॅन मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, डावीकडे जायचं तर उजवीकडे. मेलं जमेचना. शेतकरी कपाळाला हात लावायचा. एक दिवस ती गाडीतून उतरली आणि म्हणाली, "अगं, आरशात बघून भांग पाडतो ना आपण, तसंच आहे हे. डोक्याने विचार करायचाच नाही, हाताला करू द्यायचं." आणि त्या दिवसापासून जमलं!

वसंतात आम्ही निघालो. मंदार आपल्या गाडीतून मागे, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. तुम्हाला कॅम्पिंगची रीत सांगते, नवी कॅराव्हॅन आली की सगळे खुर्च्यांत बसून कॉफी पीत बघत राहतात, आणि चुकलं की पुरुषमाणसं ढकलायला धावतात. पहिल्यांदा कॅराव्हॅन पार वाकडी झाली, कुंपणाच्या झुडपात घुसली. धावलेच सगळे. तर हेनी दोन्ही हात पसरून आडवी उभी. "कुणी हात लावायचा नाही. तिची ती लावेल." कुंदाने गाडी पुढे घेतली, पदर खोचला, आरशात बघितलं... मी ओरडायला तोंड उघडलं, तर खिडकीतून म्हणाली, "तू गप्प बस गं जरा!" आणि सावकाश, अगदी सावकाश, कॅराव्हॅन मागे गेली आणि बरोब्बर जागेवर उभी राहिली. काय टाळ्या पडल्या! मंदार पुढे आला, गुडघे टेकून बसला आणि कॅराव्हॅनच्या कोपऱ्यांचे पाय खाली सोडायला लागला. मग मान वर करून विचारलं, "आई, पाणी भरून आणू?"

"आण," ती म्हणाली, "आणि चहा घेतल्याशिवाय जाऊ नकोस."

त्यानंतरचे सगळे उन्हाळे तिचे होते. कापेल गावची एक नुकतीच एकटी पडलेली बाई तिच्याकडे आठवडाभर म्हणून आली आणि सायकल शिकून गेली. अमस्टेलव्हीनच्या मुली आल्या, नेट मिळेना म्हणून कुरकुरल्या आणि जाताना परत कधी यायचं ते विचारत बसल्या. कुणाला ती उपदेश करत नसे. हातात कांदा नि सुरी द्यायची, बस्स.

परवा मंदारचा फोन आला. "मावशी, कॅराव्हॅन विकणार नाही. पण मला ती रिव्हर्स घेता येत नाही. हिवाळ्यात गोठ्यात तूच ठेवशील?" या वयात! मी तर नुसती मागे उभी राहून ओरडणारी. मी म्हटलं, ठेवीन.

तर आता मी इथेच कॅराव्हॅनमध्ये आहे, तिच्या पलंगावर बसून लिहितेय. पलंग मला आखूड पडतो, पाय बाहेर येतात. उशाच्या खिडकीचा पडदा तिने मुद्दाम कमी उंचीचा शिवलाय, पडल्या पडल्या गवत दिसावं म्हणून. सकाळी डोळे उघडले की आधी गवत दिसतं, वाऱ्याने एका बाजूला झुकलेलं, आणि मग बाकीचं जग. ती हे रोज बघत होती... वेळ ठरवून, आधी विचारून वगैरे येणं इथल्या लोकांना लखलाभ. तुम्ही सरळ या. गवत कापायच्या आत या.