घाटोळेकाकांचा अर्थिंगचा खड्डा

घाटोळेकाका घरात शिरले की नमस्कार-चमत्कार काही नाही. रबरी चपला न काढता सरळ फ्रिजपाशी जायचे आणि उजव्या हाताची मागची बाजू त्याच्या दाराला लावायचे. मग कूलरला, मग वॉशिंग मशीनला, मग गीझरला. तळहात कधीच लावायचे नाहीत. एकदा मी कारण विचारलं, तर तिथेच उखडले. "तळहात लावला अन् करंट असला, तर बोटं मिटतात. मशीन धरून ठेवते माणसाला. मागून लावला तर हात आपोआप मागे येतो. शाळेत काय शिकवून राहिली तू पोरांना?" मी शाळेत हिंदी शिकवते हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आई मात्र त्यांच्या चपलांकडे बघून दर वेळी कुरकुरायची, आणि ते दर वेळी तिच्याकडे दुर्लक्ष करायचे.

हिंदी मुलखातल्या या शहरात, मदन महल स्टेशनच्या मागे आमची तीन मजली इमारत आहे. बारा बिऱ्हाडं, त्यातली नऊ मराठी. कुणी रेल्वेतलं, कुणी कारखान्यातलं, सगळ्यांची मुळं नागपूर-अमरावतीकडची. काका तळमजल्यावर एकटे राहायचे. संरक्षण खात्याच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर इलेक्ट्रिशियनचं काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर इमारतीतली यंत्रं त्यांनी स्वतःच्या ताब्यात घेतली. कुणी सोपवली नव्हती. त्यांनीच ठरवून टाकलं.

त्यांची पद्धतच जाचक होती. मशीन उघडलं की घरातल्या एकानं शेजारी उभं राहायचं आणि बघायचं. "तुम्ही टीव्ही पाहाल अन् मी इथं घासत बसीन, हे चालणार नाही. उभे राहा. पाहा. पुढच्या वेळी तुम्ही करायचं." फ्रिज भिंतीला चिकटलेला दिसला की स्वतः ओढून पुढे घ्यायचे आणि मागच्या जाळीवरची धूळ बोटानं काढून मालकाच्या डोळ्यांसमोर धरायचे. आईनं एकदा पुरणाची डाळ मिक्सरमधून सलग काढली आणि मोटार जळाल्याचा वास सुटला, तर वर येऊन म्हणाले, "वहिनी, जिना चढून आल्या की तुम्ही टेकता की नाही खुर्चीत? मग त्याला काहून नाही टेकू देत? बिचारं बोलत नाही म्हणून?" मिक्सरच्या बुडाशी असलेलं लाल बटण दाबून त्यांनी तो चालू करून दिला. पण आईला पुरणपोळी गोड लागली नाही.

सगळ्यात जास्त राग त्यांना प्लगच्या तिसऱ्या पिनेवरून यायचा. सॉकेटला दोनच भोकं असली की आपले लोक जाड पिन मोडून टाकतात आणि काम भागवतात. "तिसरी पिन काही आहेरात नाही आली. करंटला शेवटी जमिनीतच जायचं आहे. तारेची वाट ठेवली तर तारेतून जाईल, नाही ठेवली तर माणसातून जाईल. तुम्हीच ठरवा, कोणातून पाठवायचा." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल देव जाणे. एकदा हळदीकुंकवाला माझ्या मुख्याध्यापिका घरी आल्या होत्या. काका नेमके तेव्हाच आले, त्यांनी मोडक्या पिनेची इस्त्री पाहिली आणि वीस बायकांसमोर मला भैताड म्हणाले. मुख्याध्यापिका हसल्या. तो अपमान मी मनात जपून ठेवला. हे आज लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत एक लोखंडी झाकण होतं. त्याखाली अर्थिंगचा खड्डा. सगळ्या इमारतीच्या तिसऱ्या पिनांची वाट शेवटी तिथे जमिनीत उतरायची. मीठ आणि कोळसा घालून काकांनीच तो नीट करून घेतला होता. होळी झाली की पावसापर्यंत रोज सकाळी ते त्यात अर्धी बादली पाणी ओतायचे. जमीन सुकली की अर्थिंग मरतं, म्हणायचे. येणारे-जाणारे विचारायचे, "काका, काय लावून राहिले तिथे? आंबा?" काका म्हणायचे, "तुमचे पोरंबाळं."

आमचा गणपती दर वर्षी टेबलांवर बसायचा. एका वर्षी सचिवांनी, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दाणीसाहेबांनी, पक्का ओटा बांधायचं काढलं. वर टाइल्स, मागे कमान. जागा एकच सोयीची होती, फाटकाजवळची. मीटिंगमध्ये काका उभे राहिले आणि त्यांनी सरळ भांडायलाच सुरुवात केली. सगळ्यांना अडाणी म्हणाले, दाणींना तर दोनदा. ते शांतपणे बोलले असते तर कदाचित लोकांनी ऐकलं असतं, असं आम्ही नंतर एकमेकांना पुष्कळदा सांगितलं. खोटं आहे ते. शांतपणे बोलले असते तर आम्ही शांतपणे दुर्लक्ष केलं असतं. ठराव मी लिहिला, कारण इमारतीत शुद्ध मराठी लिहिणारी मीच. 'सर्व सभासदांच्या भावना लक्षात घेता' असं मी त्यात घातलं. ते लिहिताना मला बरं वाटलं होतं.

काका नातवाच्या बारशाला अमरावतीला गेले आणि त्याच आठवड्यात काम झालं. मिस्त्रीनं जमिनीतून वर आलेली लोखंडी पट्टी दाखवून विचारलं, "साहब, ये बीच में आ रही है, क्या करें?" दाणी म्हणाले, "काट दो." मी शाळेतून येऊन तिथेच उभी होते. काकांनी एकदा दाखवली होती, म्हणून ती पट्टी कसली आहे हे त्या क्षणी तिथे फक्त मला माहीत होतं. मी पर्स सावरली आणि वर गेले.

परत आल्यावर काका दारोदार हिंडले. शंभरचा बल्ब, होल्डर आणि दोन तारा, एवढंच सामान. एक तार सॉकेटच्या फेजच्या भोकात, दुसरी वरच्या मोठ्या भोकात. अर्थिंग जिवंत असलं तर बल्ब लागतो. आमच्या घरी लागला नाही. कुणाच्याच घरी लागला नाही. दाणी म्हणाले, "काका, बल्ब गेला असेल." काकांनी तोच बल्ब त्यांच्या दिवाणखान्यात लावून दाखवला, लख्ख पेटला. तरी दाणी म्हणाले, "अच्छा, पाहू. पुढच्या मीटिंगला घेऊ." मागच्या बाजूला दुसरा खड्डा खणू द्या, हेही काकांनी मागितलं. तिथे गाड्या लागतात, म्हणून तेही पुढच्या मीटिंगवर गेलं. आणि ओटा फोडायचा तर शब्दसुद्धा कुणी काढेना, कारण आता त्यावर बाप्पा बसून गेला होता.

होळीनंतर नेहमीप्रमाणे ते कूलर लावायला आमच्याकडे आले. जुनी खस काढली, नवी लावली, पंपाला तेल दिलं. मग पंप चालू करून हाताची मागची बाजू कूलरच्या पत्र्याला लावली आणि झटकन मागे घेतली. त्यांनी बटण बंद केलं, पकडीनं प्लग कापून घेतला आणि खिशात टाकला. "पंपातून करंट उतरून राहिला. नवा पंप आणतो फुहाऱ्याच्या बाजारातून, पण खड्डा जिवंत होईपर्यंत हा लावायचा नाही. पंख्यावर राहा." मी हो म्हटलं.

एप्रिल संपता संपता घर भट्टीसारखं तापलं. नवा पंप दुकानात आलेला नव्हता. आईला रात्र-रात्र झोप लागेना. मी बाजारातून एक माणूस बोलावला आणि कूलरला नवा प्लग लावून घेतला. त्यानं दोन पिनांचा लावला. मी बघितलं, आणि काही म्हटलं नाही.

आमच्याकडे फुलवती कामाला यायची. कुंडमकडच्या गावातली, इमारतीतली सहा घरं तिच्याकडे होती. सकाळी अकराच्या सुमारास ती फरशी पुसत होती, अनवाणी, हात ओले. कूलरखालचं पुसायला तिनं त्याची ट्रॉली ढकलली. मी स्वयंपाकघरात होते. आधी बादली पडल्याचा आवाज आला, मग तिचा. ती उंबरठ्यावर जाऊन आदळली होती. उजवं मनगट मोडलं, दोन बोटं काळी पडली. जीव वाचला, असं सगळे म्हणाले, आणि म्हणताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसत होतं. दाणी तर म्हणाले, "ओल्या हातानं हात कशाला लावायचा पण?" जसं काही फरशी कोरड्या हातानं पुसायची असते. आणि मी त्यांना काहीही बोलले नाही, याची आजही मला चीड येते.

काका त्याच दुपारी वर आले. मला वाटलं, आता ते मला फाडून खाणार. मला ते हवंही होतं. ते कूलरपाशी वाकले, प्लग पाहिला.

"कोणी लावला?"

"मी लावून घेतला."

ते उठले आणि खाली निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता फाटकाजवळ दणके सुरू झाले. पंच्याहत्तरीच्या माणसानं लोखंडी सब्बल घेऊन गणपतीचा ओटा फोडायला घेतला होता. बारा घरांच्या बाल्कन्या भरल्या. दाणी खाली धावत गेले. "काका, देवाची जागा आहे ती."

"देवाला करंट नाही लागत. फुलवतीला लागला."

"मी पोलिसांना बोलावतो."

"बोलाव ना. ठरावाचा कागद पण घेऊन ये. सह्या वाचून दाखवू त्यांना एकेकाच्या."

पोलीस कुणी बोलावले नाहीत. काकांना अडवायला कुणी पुढे झालं नाही, आणि त्यांच्या हातातली सब्बल घ्यायलाही कुणी गेलं नाही. ऊन डोक्यावर आलं. ते दहा घाव घालायचे, बसायचे, पाणी प्यायचे, पुन्हा उठायचे. मी बाल्कनीतल्या सावलीत उभी राहून हे सगळं पाहिलं. दुपारी तीनला पट्टी उघडी पडली. दोन दिवसांनी ती जोडून, मीठ-कोळसा भरून, पाणी ओतून ते पुन्हा बल्ब घेऊन घरोघर गेले. आमच्याकडे बल्ब पेटला. मग कूलरचा पंप बदलला, तीन पिनांचा प्लग बसवला. मी शेजारी उभी राहिले, तर म्हणाले, "बसा मॅडम. उभं राहायची गरज नाही."

त्या दिवसापासून मी मॅडम झाले. त्यांनी पुन्हा कधी मला रागावलं नाही, कधी काही विचारलं नाही, मशीन उघडून दाखवलं नाही. बोलावलं की यायचे, काम करायचे, जायचे. इतरांवर पूर्वीसारखेच ओरडायचे. जिन्यातून त्यांचा आवाज यायचा आणि मला त्या घराचा हेवा वाटायचा.

फुलवतीचं मनगट वाकडं जुळलं. प्लॅस्टर निघाल्यावर ती एकदा आली होती. पोछा पिळून बघितला आणि म्हणाली, "दीदी, हाथ में दम नहीं आ रहा." तोवर तिच्या सहाही घरांनी दुसरी बाई लावली होती. आम्हीसुद्धा. ती गावी परत गेली.

तीन वर्षांनी काकांची फुप्फुसं निकामी झाली. दवाखान्यानं घरी न्यायला सांगितलं होतं. मी खाली भेटायला गेले. त्यांच्याजवळ राहायला आलेली त्यांची मुलगी चहा टाकायला आत गेली तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली आणि इतकी वर्षं घोकलेलं वाक्य बोलले. "काका, माझं चुकलं. पट्टी कापली तेव्हा मी तिथे होते. मला माहीत होतं."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "सुनंदे." मला रडू आलं. इतक्या वर्षांनी नाव घेतलं, म्हणजे माफ केलं, असं माझ्या मनानं लगेच ठरवूनही टाकलं.

"मला काहून सांगून राहिली?" त्यांना धाप लागत होती, पण आवाज तोच होता, हळदीकुंकवाचा. "माझं मनगट धड आहे. कुंडमला बस जाते."

आठवड्याभरात ते गेले. शोकसभेत दाणी म्हणाले, तापट होते, पण सोन्यासारखा माणूस. माझं डोकं फिरलं. उठले आणि बोलले. पट्टी कुणी कापायला सांगितली, ठराव कुणी लिहिला, सगळं नावानिशी सांगितलं. दाणी खाली बघत बसले. बायकांनी डोळे पुसले. नंतर दोघी-तिघींनी माझा हात दाबला, हिंमत लागते म्हणाल्या.

त्या बोलण्याला काडीची हिंमत लागली नाही. ज्याच्यापुढे बोलायला हवं होतं ते माणूस त्या खोलीत नव्हतंच. कुंडमची बस सकाळी असते, दुपारीही असते. उन्हाळ्यात आईची तब्येत, मग पेपर तपासणं, मग पाऊस. दोन वर्षं मी कारणं काढते आहे. आता हे लिहून काढलं. चांगलं उतरलं आहे असं मला वाटतं, आणि त्याचाच मला संताप येतो. ठरावसुद्धा चांगलाच उतरला होता. फुलवतीला मराठी वाचता येत नाही.